बेसची ट्युनिंग खाली उतरवायची? मग तारेचं गेज (म्हणजे जाडी) आधी बघा

गिटारवाला प्रॅक्टिसला येतो, म्हणतो "आजपासून आपण ड्रॉप सी मध्ये" आणि पाच मिनिटांत तारा उतरवून तयारही होतो. मग बेसवाला पण खुंट्या फिरवतो, आणि चौथी, म्हणजे सगळ्यात जाड तार फ्रेटवर नुसती फडफडत राहते, सूर कुठला तेच समजत नाही, ड्रमर म्हणतो भाऊ तुझा आवाज येऊनच नाही राहिला. यात बेसचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही, तार ज्या सुरासाठी बनवली त्याच्या फार खाली तिला नेलं एवढंच. हे लिहून राहिलो ते अशा नवीन लोकांसाठी ज्यांच्याकडे साधा चार तारांचा बेस आहे, दुकानातून आला तेव्हाच्याच तारा अजून त्याच्यावर आहेत आणि आता पहिल्यांदा ट्युनिंग बदलायची वेळ आली आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे घाईत असेल त्याने एवढंच वाचलं तरी चालेल. तुम्हाला खरोखर लागणारा सगळ्यात खालचा सूर कोणता ते शोधा आणि तेवढंच उतरा. एक पूर्ण स्टेप (म्हणजे दोन फ्रेट, हाफ स्टेप म्हणजे एक) खाली जायचं असेल तर आहे त्या तारांवर भागतं. त्याच्या खाली जायचं तर जाड सेट घ्या, सेटअप करा (म्हणजे नेक आणि तारांची उंची वगैरे जुळवून घ्या) आणि तो बेस त्याच ट्युनिंगला राहू द्या, रोज वर-खाली करायचा नाही.

आधी ठरवा, उतरवायचं कशासाठी

आपल्याकडे सगळ्यात जास्त येणारं कारण म्हणजे गायकाची पट्टी. बेसवाले मुळात कमी, त्यामुळे जो आहे तो कॉलेजच्या बँडमध्येही असतो, ऑर्केस्ट्रातही असतो आणि गणपती-नवरात्रात मंडळांचे कार्यक्रमही करतो. ऑर्केस्ट्रातला गायक तुम्हाला ई फ्लॅट वगैरे सांगणार नाही, तो म्हणेल "माझी काळी दोन". आता बघा, साधी ट्युनिंग म्हणजे जाड तारेकडून ई, ए, डी, जी, म्हणजे पेटीवर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. चारही तारा हाफ स्टेप खाली घेतल्या की त्याच होतात काळी दोन, काळी चार, काळी एक, काळी तीन. म्हणजे गायक काळ्या पट्ट्यांत गाणारा असेल तर त्याचा सा थेट तुमच्या मोकळ्या तारेवर येतो, आणि मोकळी तार जशी घुमते तशी दाबलेली घुमत नाही. काळी पाच तेवढी उरते, ती काळी चारच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला सापडते. ज्या ग्रुपमध्ये एकच मुख्य गायक आहे तिथे हे फार कामाचं आहे. पण कार्यक्रमात चार गायक आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी असेल तर ट्युनिंगला हात लावू नका, स्टँडर्डमध्येच राहा आणि फ्रेट बदला, उगाच स्टेजवर दोन गाण्यांच्या मधे खुंट्या पिळत बसणं बरं दिसत नाही.

दुसरं कारण, गिटारवाले खाली गेले. इथे एक प्रश्न नक्की विचारून घ्या, की फक्त जाड तार उतरवली की सगळ्या उतरवल्या. "आम्ही डी मध्ये आहोत" या वाक्याचे दोन अर्थ होतात. ड्रॉप डी म्हणजे फक्त जाड तार ई वरून डी वर, बाकीच्या जागच्या जागी. डी स्टँडर्ड म्हणजे सगळ्याच एक स्टेप खाली. हे न विचारता घरून ट्यून करून गेलात की पहिला अर्धा तास यातच जातो.

तिसरं म्हणजे एक-दोन गाण्यांत एखादा खालचा सूर हवा असतो. त्यासाठी ड्रॉप डी पुरे. याच कामासाठी हिपशॉटचा एक्स्टेंडर नावाचा खुंटीला लावायचा खटका मिळतो, तो दाबला की चौथी तार ई वरून थेट डी वर जाते आणि परत लावला की ई वर येते, पण सुरुवातीला एवढा खर्च नको.

आणि काही जण फक्त आवाज भारदस्त व्हावा म्हणून ट्युनिंग उतरवतात. त्यांना मी सरळ नाही म्हणतो. आवाज जाड हवा तर टोनचा नॉब थोडा बंद करा, बोटं ब्रिजकडून नेककडे सरकवा, नाहीतर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून गुळगुळीत असलेल्या तारा लावून बघा. ट्युनिंग उतरवली की आवाज भारी होत नाही, ढिला होतो.

नवीन माणसाला लागतील तेवढ्याच ट्युनिंग

स्टँडर्ड: ई-ए-डी-जी. चौथी तार साधारण ४१ हर्ट्झवर, मग ५५, ७३ आणि पहिली ९८.

हाफ स्टेप डाऊन: ई फ्लॅट-ए फ्लॅट-डी फ्लॅट-जी फ्लॅट. बोटांच्या जागा त्याच, सगळे शेप तेच, डोकं चालवायची गरज नाही.

ड्रॉप डी: डी-ए-डी-जी. फक्त चौथी तार खाली, साधारण ३७ हर्ट्झ. इथे लक्षात ठेवायचं ते एवढंच की चौथ्या तारेवरचा प्रत्येक सूर दोन फ्रेट पुढे गेला. जी आधी तिसऱ्या फ्रेटला होता, आता पाचव्याला. पहिल्या आठवड्यात हात सवयीने तिसऱ्यावरच जाईल, जाऊ द्या, सवय होते. बदल्यात फायदा असा की चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर एकाच फ्रेटला रूट आणि पंचम मिळतो, एक बोट आडवं टाकलं की काम झालं.

डी स्टँडर्ड: डी-जी-सी-एफ. ड्रॉप सी: सी-जी-सी-एफ, म्हणजे डी स्टँडर्ड करून जाड तार आणखी एक स्टेप खाली, ३३ हर्ट्झच्या आसपास.

सी स्टँडर्ड: सी-एफ-ए शार्प-डी शार्प.

बी-ई-ए-डी: पाच तारांच्या बेसमधली जी काढून टाकली की उरतं ते. खालची बी ३१ हर्ट्झला थोडी कमीच. पाच तारांचा बेस घ्यायला पैसे नाहीत पण खालचे सूर पाहिजेत तर हा सगळ्यात सरळ उपाय, फक्त वरची जी तार गेली हे मान्य करावं लागतं.

पंचमात ट्यून करणारेही लोक आहेत, सी-जी-डी-ए असं, म्हणजे चेलोसारखं पण एक सप्तक खाली. जॅझमधला डबल बेसवाला रेड मिचेल १९६६ पासून असाच वाजवायचा. ऐकायला छान लागतं, पण फ्रेट्समधलं अंतर फार पडतं, बोटं पुरत नाहीत, नवीन माणसाने यात पडू नये असं माझं मत.

ही सगळी भानगड जड म्युझिकमध्ये आली कुठून तर ब्लॅक सबाथ या बँडपासून असं धरायला हरकत नाही. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात कापली गेली होती, तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवर हाच हात. तारा ढिल्या असल्या की दाबायला सोपं जायचं, आणि १९७१ च्या अल्बमपासून ते तीन हाफ स्टेप खाली म्हणजे सी शार्पला गेले, बेसवाला गीझर बटलरही सोबत गेला. नंतर कॉर्न बँडचा बेसवाला फील्डी याने तर पाच तारांचा बेसच एक स्टेप उतरवून खालची तार ए वर नेली.

तार ढिली का पडते, थोडं गणित

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण पैसे इथेच वाचतात.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो, ताण, लांबी आणि वजन. बेसची लांबी म्हणजे नट (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) ते ब्रिज (खाली तारा अडकतात तो भाग), ती बदलत नाही. नेहमीचे बेस ३४ इंचाचे, फेंडरचा १९५१ चा प्रिसिजन आला तेव्हापासून तेच माप चालू आहे. म्हणजे आपल्या हातात उरलं ताण आणि वजन. तीच तार ठेवून सूर खाली आणला की ताण कमी होतो, आणि सूर जेवढा उतरला त्याच्या वर्गाच्या हिशोबाने कमी होतो. हाफ स्टेपला साधारण ११ टक्के ताण जातो. एक पूर्ण स्टेपला २० टक्के. तीन हाफ स्टेपला २९. सी पर्यंत गेलात तर ३७ टक्के, आणि साध्या ई तारेला बी वर नेलं तर ४४ टक्के, म्हणजे जवळपास अर्धा ताण गेला. मग ती तार फडफडणार नाही तर काय.

माझ्या अनुभवात २० टक्क्यांपर्यंत बहुतेक हात निभावून नेतात, थोडं हळू वाजवावं लागतं इतकंच. ३० च्या पुढे गेलं की जाड तार लावल्याशिवाय मजा नाही.

आता उलटा हिशोब. ताण पहिल्याइतकाच ठेवायचा तर तार किती जाड हवी? दर हाफ स्टेपला गेज साधारण ६ टक्क्यांनी वाढवायचं. गेज इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, १०५ ची तार म्हणजे ०.१०५ इंच, २.७ मिलिमीटरला थोडी कमी. तुमची ई तार १०५ ची आहे असं धरलं तर तोच ताण मिळायला ई फ्लॅटला ११० च्या आसपास, डी ला ११८, सी शार्पला १२५, सी ला १३२ आणि बी ला १४० लागेल. गुंडाळलेल्या तारेची आतली रचना कंपनीप्रमाणे वेगळी असते त्यामुळे हा आकडा अगदी तंतोतंत नाही, पण दुकानात उभं राहून ठरवायला पुरेसा आहे. आणि अगदी तेवढी जाड घ्यावीच असंही नाही. बी साठी बहुतेक पाच तारांच्या सेटमध्ये १३० किंवा १३५ चीच तार असते, थोडी ढिली लागते, पण जग तिच्यावरच वाजवून राहिलं. फार जाड तार घेतली की दुसरा त्रास, ती दोरखंडासारखी ताठ होते, सूर स्पष्ट निघत नाही आणि वरच्या फ्रेटवर बेसूर बोलते.

बेस शॉर्ट स्केल असेल, ३० इंचाचा, तर लक्षात घ्या की त्याच तारेला त्याच सुराला तुमच्याकडे आधीच २२ टक्के ताण कमी आहे. म्हणजे ३४ इंचवाल्याची ड्रॉप डी जशी लागते तशी तुमची साधी ई आत्ताच लागते. शॉर्ट स्केलवर डी च्या खाली जाऊ नका. ३५ इंचाच्या बेसला उलट, ६ टक्के ताण जास्त मिळतो, म्हणून पाच तारांचे काही बेस त्या मापाचे बनवतात.

कोणत्या ट्युनिंगला कोणता सेट

नवीन बेसवर बहुतेक ४५-६५-८५-१०५ किंवा ४५-६५-८०-१०० असतं. कोणतं आहे ते माहीत नसेल तर व्हर्नियर कॅलिपर कोणाकडे तरी असतोच, इंजिनिअरिंगवाला मित्र शोधा, नागपुरात त्याची कमी नाही.

हाफ स्टेप आणि ड्रॉप डी साठी ४५-१०५ वरच राहा. थोडं घट्ट पाहिजे असेल तर ५०-७०-८५-१०५ घ्या. ड्रॉप डी कायमचीच ठेवणार असाल तर फक्त चौथी तार ११० ची सुटी मिळाली तर तेवढी बदला.

डी स्टँडर्ड कायमची ठेवणार असाल तर, आणि सी शार्प स्टँडर्डसाठी (सगळ्या तीन हाफ स्टेप खाली), ५५-७५-९०-११०. अर्नी बॉलचा पॉवर स्लिंकी याच मापाचा. सी शार्पला चौथी तार अजून थोडी ढिली लागेल, साधारण ड्रॉप डी सारखी, पण चालून जातं.

ड्रॉप सी जरा विचित्र आहे, कारण वरच्या तीन तारा फक्त एक स्टेप खाली आणि जाड तार मात्र दोन स्टेप. कोणताही एक चार तारांचा सेट घेतला तरी एक बाजू तरी बिघडते. इथे वरच्या तीन तारा ५०-७०-८५ किंवा ५५-७५-९० आणि चौथी वेगळी, १२५ किंवा १३० ची सुटी, अशी जोडी लावा.

सी स्टँडर्ड आणि बी-ई-ए-डी या दोघांनाही एकच युक्ती: पाच तारांचा सेट घ्या, ४५-६५-८०-१००-१३०, आणि त्यातली सगळ्यात बारीक ४५ ची बाजूला ठेवा. उरलेल्या चार बी-ई-ए-डी ला बरोबर बसतात, कारण त्या त्याच सुरांसाठी बनल्यात. सी स्टँडर्डला त्याच चार तारा हाफ स्टेप वर ओढल्या जातात, ताण साधारण १२ टक्के वाढतो, म्हणजे हाताला थोडा घट्टपणा लागतो पण सूर छान ठणठणीत येतो. मला तर त्या सी मध्येच जास्त आवडतात. ४५ ची फेकू नका, साध्या ट्युनिंगच्या दुसऱ्या बेसला जी म्हणून कामी येते.

फक्त कोणाचं ऐकून जाड तारा घेऊ नका. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस ५०-७५-९५-११० च्या जाड फ्लॅटवाउंड तारा वापरतो आणि तेही साध्या ई ट्युनिंगमध्ये. त्याच्या बोटांना ती सवय आहे, तुम्ही आम्ही तशा तारा लावल्या तर दुसऱ्या गाण्यात हात दुखेल.

विकत घेताना

पाकिटावर चार गोष्टी बघा. एक, चार तारा की पाच. दोन, स्केल, लाँग स्केल ३४ इंचासाठी, शॉर्ट स्केल ३० साठी. लाँग स्केलची तार शॉर्ट स्केल बेसला लावली तर जाड गुंडाळलेला भाग खुंटीपर्यंत येतो, तिथे नीट वळत नाही आणि तुटूही शकते. तारा मागून बॉडीतून ओवायच्या असतील तर थोड्या जास्त लांब लागतात, तेही मोजून घ्या. तीन, राउंडवाउंड (नेहमीच्या, हाताला खरखरीत) की फ्लॅटवाउंड. नवीन माणसाने राउंडवाउंड घ्याव्या, सगळ्या प्रकारच्या गाण्यांना चालतात. चार, निकेल की स्टील. निकेल बोटांना मऊ, स्टील जास्त चमकदार वाजते आणि खालच्या ट्युनिंगमध्ये सूर जरा जास्त कळतो, पण फ्रेटही जास्त घासते.

नागपुरात बर्डीवर वाद्यांच्या दुकानात जाताना आधी फोन करा. अकूस्टिक गिटारच्या तारा मिळणं आणि बेसच्या मिळणं यात फरक आहे, आणि पाच तारांचा सेट किंवा १३० ची सुटी तार तर लगेच हाती लागेलच असं नाही, ऑनलाइन मागवायची तयारी ठेवा. बेसचा बरा सेट दीड-दोन हजारांच्या पुढेच जातो, म्हणून आधी हिशोब आणि मग खरेदी. डॅडारिओ, अर्नी बॉल, रोटोसाउंड, यातलं काहीही घ्या, पहिल्या सेटला कंपनीपेक्षा गेज महत्त्वाचं. गिटारच्या तारांसोबत "बेसलाही चालतात" म्हणून कोणी काही देत असेल तर नमस्कार करून निघा.

तारा चढवणं

एकेक तार बदला, म्हणजे नेकवरचा ताण एकदम शून्य होत नाही. जुनी ढिली करून काढा, नवीन ब्रिजमधून ओवा, खुंटीपर्यंत सरळ आणा आणि तिथून पुढे साधारण दोन खुंट्यांचं अंतर म्हणजे चार-पाच इंच सोडून तार आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. आधी कापली तर काही तारांचं आतलं वेटोळं सैल होतं आणि नवीकोरी तार मेल्यासारखी वाजते. दोन-तीन वेढे खालच्या दिशेने पडले पाहिजेत.

जाड तारेचा खरा अडथळा नटवर येतो. ११० ची तार १०५ च्या खाचेत बहुतेक वेळा बसते. १३० ची बसत नाही, वर अधांतरी टेकून राहते, मग पहिल्या फ्रेटला दाबायला जीव जातो आणि सूरही चढा येतो. खाच रुंद करावी लागते, खोल नाही, फक्त रुंद. हे काम घरी पट्टीच्या कानसने करू नका. खाच एकदा खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नवीन नट बसवण्याशिवाय इलाज राहत नाही. ज्याच्याकडे नटच्या कानशी आहेत त्याच्याकडे बेस आणि नवीन तारा दोन्ही घेऊन जा. आणि परत साध्या ट्युनिंगला यायचा विचार असेल तर जुना नट जपून ठेवायला सांगा, त्याजागी नवीनच कापून घ्या.

ट्यून करताना नेहमी खालून वर या. डी पाहिजे तर आधी डी च्या थोडं खाली जा आणि मग खुंटी आवळत वर या. वरून उतरत आलात तर खुंटीत ढील राहते आणि दोन मिनिटांत सूर घसरतो. क्लिपवाला ट्युनर आणि मोबाईलचं ॲप खालच्या बी आणि सी ला बरेचदा गोंधळतं, काटा इकडून तिकडे उड्या मारतो. अशा वेळी बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर हलकं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, तो एक सप्तक वर असतो, ट्युनर लगेच पकडतो. वायर लावायचा पेडल ट्युनर असेल तर उत्तमच.

सेटअप, हा टाळायचा नाही

तारा बदलल्या की नेकवरचा ताण बदलतो आणि नेक हलतो. ताण वाढला तर नेक तारांच्या बाजूला जास्त वाकतो, मधल्या फ्रेटला तारा उंच जातात. ताण कमी झाला तर नेक सरळ होतो किंवा मागे जातो, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर सुरू होते. तपासायची पद्धत सोपी आहे. चौथी तार पहिल्या फ्रेटला दाबा, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटला दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे ते बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, म्हणजे लग्नपत्रिकेसोबत येणारं नाही, साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट फारच जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) आवळा, अजिबात नसेल तर सैल करा. एका वेळी पाव फेरा, परत ट्यून करा, थोडं थांबा, परत बघा. ॲलन की फिरत नसेल तर जोर लावू नका, तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा.

मग तारेची उंची. सतराव्या फ्रेटजवळ जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन, इथून सुरुवात करा. ट्युनिंग जितकी खाली तितकी तार जास्त हलते, म्हणून खालच्या ट्युनिंगला थोडी जास्त उंची लागते, कमी उंचीचा हट्ट सोडा.

शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटचं हार्मोनिक आणि बाराव्या फ्रेटला दाबलेला सूर, दोन्ही ट्युनरवर सारखे आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे न्या, उतरा आला तर पुढे आणा. जाड तारेला सॅडल बहुतेक मागेच न्यावं लागतं, म्हणून ड्रॉप सी किंवा बी वाल्यांनी ही पायरी सोडली तर वरचे सगळे सूर गिटारपेक्षा चढे ऐकू येतात आणि मग भांडण गिटारवाल्याशी.

खरखर कुठून येते हे ओळखायला: फक्त मोकळ्या तारेला असेल तर नट. पहिल्या चार-पाच फ्रेटला असेल तर नेक फार सरळ. बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली आहे. एकाच फ्रेटला असेल तर तो फ्रेट वर आलाय, ते आपलं काम नाही.

ढिली आहे की बरोबर, पाच मिनिटांची तपासणी

ट्युनर चालू ठेवा, चौथी तार मोकळी आणि जोरात वाजवा, स्टेजवर वाजवता तितक्या जोराने. काटा सुरुवातीला वर उडी मारतो आणि मग हळूहळू जागेवर येतो. थोडी उडी सगळ्याच तारांना असते. पण काटा पाव सेमीटोनच्या आसपास चढून मग खाली येत असेल तर तार त्या सुराला फार ढिली आहे, प्रत्येक ठोका चढा ऐकू येणार. आधी हात हलका करून बघा, बोटं ब्रिजच्या जवळ नेऊन बघा, तिथे तार जास्त घट्ट लागते. तरीही तेच असेल तर पुढच्या वेळी पाच-दहाने जाड गेज घ्या.

आणि आवाज ॲम्पमधून नीट येत नसेल तर लगेच तारेला दोष देऊ नका. ३१ हर्ट्झचा मूळ सूर आठ इंची स्पीकरच्या प्रॅक्टिस ॲम्पमधून निघतच नाही, आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या वरचे भाग, ६२, ९३ वगैरे. त्यामुळे बेसचा नॉब पूर्ण वाढवला की फक्त स्पीकर भर्र करतो. उलट बेस थोडा कमी करा आणि मिड वाढवा, सूर लगेच समोर येतो.

नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

हे इथल्या लोकांसाठी वेगळं सांगावं लागतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात, हवा कोरडी ठणठणीत, आणि घरात मात्र कूलर सुरू, म्हणजे त्याच खोलीत ओली हवा. लाकूड ओलावा घेतं-सोडतं आणि नेक हलतो, सकाळी बरोबर असलेली उंची संध्याकाळी बदलते. बेस कूलरच्या झोतात भिंतीला टेकवून ठेवू नका, तारा गंजतात ते वेगळंच. केसमध्ये किंवा बॅगमध्ये ठेवा. उन्हात उभ्या कारमध्ये तर अजिबात नाही, प्रॅक्टिसला जाताना मधे तर्री पोहे खायला थांबलात तर बेस सोबत उतरवा, हसतील तर हसू द्या.

म्हणूनच नवीन गेज लावून सेटअप शक्यतो ज्या मोसमात जास्त कार्यक्रम असतात त्याच्या थोडं आधी करा. मेमध्ये केलेला सेटअप गणपतीपर्यंत तसाच राहील ही अपेक्षा ठेवू नका, पावसाळा लागला की नेकची फट परत तपासा, बहुतेक वेळा पाव फेऱ्यात काम होतं. पावसाळ्यात घामट हाताने वाजवून झालं की तारा सुती कपड्याने वरून आणि खालूनही पुसा, खालच्या बाजूलाच जास्त मळ बसतो.

तारा लावल्याच्या दुसऱ्या दिवशी परत ट्यून करा, तोवर त्या ताणून सैल झालेल्या असतात, आणि उंची-इंटोनेशन एकदा परत बघून घ्या. मग बॅगच्या खिशात एका चिठ्ठीवर ट्युनिंग, चारही तारांची गेज आणि लावल्याची तारीख लिहून ठेवा, पुढचा सेट घेताना दुकानदार "कोणती पाहिजे भाऊ" म्हणेल तेव्हा ती चिठ्ठीच पुढे करायची.